सिल्वीबाईंच्या सायलेन्सरमधला गंज

१४ सप्टेंबर, सोमवार

गंज म्हणे! आमच्या सायलेन्सरला गंज!

पत्र हातानं लिहिलेलं, निळ्या शाईत, कडेला बोटभरही जागा न सोडता. कोर्पिलाम्पी गावच्या शिकारमंडळाच्या चिटणीस, सिल्वीबाई. वय चौऱ्याहत्तर — ते त्यांनी स्वतःच लिहिलंय, आणि पुढं जोडलंय, "तेव्हा मला कुणी शिकवायला येऊ नये." आम्ही बनवलेला, एप्रिलच्या खेपेतला सायलेन्सर, बंदुकीच्या तोंडाला लावून आवाज दाबायचा. बंदुकीवरून काढून हलवला तर आत खुळखुळ वाजला. उघडला तर आतल्या चकत्या तांबारलेल्या, एक तर कडेनं उंदरानं कुरतडावी तशी. शेवटी लिहितात, "हा तुमच्यापेक्षा जास्त जगेल असं तुमच्या डब्यावर छापलंय. मी अजून जिवंत आहे."

आधी हसू आलं, मग राग आला. नवऱ्याला, टाउनोला, वाचून दाखवलं. लेथवर होता, मानही वर केली नाही. "बंदुकीवर तसाच ठेवला असेल," एवढंच म्हणाला.

दर शरदात हेच. माणसं दिवसभर रानात भिजतात, ओली बंदूक ओल्या पिशवीत कोंबतात, पिशवी गाडीत टाकतात आणि स्वतः पळतात सॉनाच्या वाफेत अंग शेकायला. बंदुकीला कोण शेकणार? म्हणून तर प्रत्येक डब्यात मी सायलेन्सरच्या तोंडची चिठ्ठी घालते — "घरी आलात की आधी मला काढा, मग बूट काढा." वीस वर्षं घालतेय. कुणी वाचत नाही.

१५ सप्टेंबर, मंगळवार

उत्तर पाठवलं. गोड लिहिलं, पण माघार नाही. टाउनोच्या हातचं काम आहे ते. तीस वर्षांत आतून गंजून परत आलेला एकही नाही, एकही!

१७ सप्टेंबर, गुरुवार

ऐन जेवणात फोन. गुरुवारचं वाटाण्याचं सूप पुढ्यात, आणि कानाला सिल्वीबाई.

"पत्र मिळालं. छान लिहितेस. शाळेत मास्तरीण होतीस का?"

"नाही हो. तीस वर्षं इथंच आहे. तक्रारी मीच बघते."

"मग तीस वर्षांत ऐकून घ्यायला शिकली नाहीस. ऐक पोरी."

पोरी म्हणे. एकसष्ट वर्षांची मी.

ऐकलं. काय करते? बाई रानातून बाहेर आल्या की गाडीपाशीच सायलेन्सर काढतात. लोकरीच्या मोज्यात घालतात. घरी येऊन पावाच्या भट्टीवरच्या खिळ्याला टांगतात. "चाळीस वर्षं नवऱ्याचे मोजे त्याच खिळ्यावर वाळले," म्हणाल्या, "ते काही गंजले नाहीत."

मी म्हटलं, तरीपण कधी एखाद वेळेस...

"एखाद वेळेस नवरा विसरले असेन. बंदूक नाही. आणि हे बघ, माझ्या एकटीचं असतं तर मी भांडून मोकळी झाले असते. पण मंडळातल्या अकरा जणांनी माझ्या सांगण्यावरून तुमच्याकडूनच घेतलेत. दहा ऑक्टोबरला मूस हरणांची शिकार सुरू. आतली चकती निखळली, गोळी तिला घासली, तर? मला एवढंच सांग, त्या अकरा जणांना मी रानात पाठवू की नको?"

म्हटलं, सायलेन्सर इकडं पाठवून द्या, बघते.

परत आले तर टाउनोनं माझी सूपची वाटी ताटलीनं झाकून ठेवलेली. वर वाटलेली मोहरीही घालून ठेवली होती, मला लागते तेवढीच. हा माणूस बोलत नाही, पण असं करतो.

१८ सप्टेंबर

ती बाई खोटं बोलत नाही. हेच टोचतंय.

२१ सप्टेंबर, सोमवार

पार्सल आलं. कॉफीच्या रिकाम्या पाकिटात लोकरीचा मोजा, मोज्यात सायलेन्सर. चिठ्ठी — "मोजा परत पाठव. जोडीचा इथं एकटा आहे."

टाउनो रानात लिंगोनची लाल फळं वेचायला गेला होता. मी चकत्या काढून स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्रावर मांडल्या. भिजून येतो तसा हा गंज नव्हता. तो वरवर असतो, पुसला की जातो. हा मुरलेला. बोटानं दाबलं तर पोपडा निघाला.

काय सुचलं कोण जाणे, फ्रिजवरचं अस्वलाचं चुंबक काढलं आणि चकतीजवळ नेलं. खट्कन बसलं.

आमच्या चकत्या ज्या पोलादाच्या, त्याला चुंबक लागतच नाही. लेथचं बटण कुठलं ते न कळणाऱ्या मलासुद्धा एवढं ठाऊक आहे. दुसरी घेतली. खट्. तिसरी. खट्. नऊच्या नऊ.

टाउनोची पावलं वाजली तशी सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून पिठाच्या डब्यामागं सारलं. का लपवलं? मला माहीत नाही. हात आपोआप गेले.

२२ सप्टेंबर, मंगळवार

टाउनो पोस्टात गेला तेव्हा अस्वल खिशात घालून कारखान्यात गेले. एप्रिलच्या खेपेतले आठ अजून फळीवर. आठच्या आठ धरले अस्वलानं. खेप चाळीसची. म्हणजे सिल्वीबाईंचा सोडून एकतीस बाहेर, लोकांच्या बंदुकांवर.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. द्यायला निघाले होते मी सिल्वीबाईंना.

आधी त्यांना फोन केला. म्हटलं, अकराही जणांना सांगा, आजच काढून ठेवा, वापरू नका. तुमचं बरोबर होतं, माझं चुकलं.

मग म्हणाल्या, "घरचंच काही आहे ना?"

"हो."

"बाकीच्यांनाही सांगावं लागेल तुला."

"सांगते. फक्त रविवारपर्यंत थांबा."

"माझे अकरा मी बघते. तुझे वीस तू बघ. पण रविवारच. सोमवार नाही." आणि फोन ठेवला. कोर्पिलाम्पीत निरोप घ्यायची पद्धत नसावी.

आता हे कसं झालं ते. पोलादाच्या सळया येतात त्यांच्या एका टोकाला रंग असतो. निळा म्हणजे न गंजणारं, पिवळा म्हणजे साधं. निळ्या वरच्या फळीवर, पिवळ्या खालच्या. रंग सोडला तर दोन्ही सारख्याच. टाउनोनं निळी समजून पिवळी उचलली असणार. म्हणजे डोळे!

आणि मी आंधळी, मला दिसलं कसं नाही? काल आणलेल्या बादलीत निम्मी लिंगोन पांढरी, कच्ची. परवा एका पायात काळा मोजा, एकात निळा. मी हसले होते त्याला.

हे त्याला सांगायचं कुणी? ओळखते मी त्याला. चूक आपली आहे कळलं की लेथला पुन्हा हात लावायचा नाही. आणि लेथ नसलेला टाउनो मी बघितलाय — खुब्याच्या ऑपरेशननंतर सहा आठवडे. खिडकीत बसून शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरचा आवाज ऐकायचा आणि मला सांगायचा, बेअरिंग गेलंय. जेवताना सांगायचा, झोपताना सांगायचा. शेवटी शेजाऱ्यानं बेअरिंग बदललं, तर त्या दिवशी काहीच बोलला नाही. तसा टाउनो मला नको.

२३ सप्टेंबर

कायानीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांची शुक्रवारची वेळ घेतली. टाउनोला सांगितलं, सत्तरी जवळ आली, गाडीच्या परवान्याला लागेल.

"मी सदुसष्टचा आहे."

"आधीपासून तपासलेलं बरं."

माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "तुला कायानीला कापड घ्यायचंय."

म्हटलं, हो, तेच. हसला. अंघोळ करून, स्वच्छ शर्ट काढून ठेवलाय शुक्रवारसाठी. माझ्या कापडासाठी!

२५ सप्टेंबर, शुक्रवार

डोळे उत्तम. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या वयात असे डोळे कमी बघायला मिळतात. रंगांच्या ठिपक्यांचं पुस्तक धाडधाड वाचलं त्यानं. मला दोन पानं अडली!

"मग ती पांढरी लिंगोन?" मी गाडीत विचारलं.

"कुठली?"

"बादलीतली."

"वाकवत नाही गं अजून. उभ्यानं फळं वेचायच्या लांब फणीनं ओढतो, येईल ते येतं."

आणि मोजे? मोजे म्हणे मीच तसे गुंडाळून ठेवले होते. असतील.

खूश व्हायला हवं. नाही झाले. डोळे नाहीत, तर मग डोकं? रस्ताभर त्याला आडून आडून विचारत होते. मेव्हण्याच्या बोटीचं नाव काय, लग्नात पाऊस होता का. सगळं बरोबर सांगितलं. वर म्हणाला, "राउनी, तुला बरं नाही का?" कापड घ्यायला गाडी थांबवली. घ्यावंच लागलं. हिरवं घेतलं, कशाला ते माहीत नाही.

२६ सप्टेंबर, शनिवार

सांगितलं. सॉनात सांगितलं, कारण तिथं कुणी कुणाकडं बघत नाही. दोघं बाकावर, पुढं तापलेले दगड. म्हटलं, सिल्वीबाईंची चकती चुंबकाला लागते. फळीवरचे आठही लागतात.

त्यानं डावभर पाणी दगडांवर टाकलं. वाफ आली, गेली. आणखी एक डाव. मग उठला, कमरेला टॉवेल गुंडाळला आणि तसाच अनवाणी अंगण ओलांडून कारखान्यात गेला. उजेड होता अजून. शेजारी लाकडं रचत होता, त्यानं हात केला. यानंही केला.

मी पायरीवर बसून राहिले. दारातून दिसत होता — सळयांच्या फळ्यांसमोर उभा. वाकून भिंतीच्या बाजूला बघितलं, वाकवत नसताना. मग कितीतरी वेळ नुसता उभा.

परत आला तो माझ्या शेजारी टेकला. अंगातून वाफ निघत होती.

"चूक माझी," म्हणाला.

"अरे, होतं माणसाच्या हातून..."

"माझी आहे, राउनी. उद्या सगळ्यांना फोन करू. मी बोलेन."

फोनवर तीन शब्दांच्या वर न बोलणारा माणूस. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. काढला नाही बराच वेळ.

२७ सप्टेंबर, रविवार

वीसपैकी सतरा फोन लागले. मी नंबर लावायचा, त्यानं बोलायचं. प्रत्येकाला तेच — "मी टाउनो. एप्रिलचा सायलेन्सर वापरू नका. चुकीच्या पोलादाचा आहे. चूक माझी. दहा तारखेच्या आत नवा देतो." सतरा वेळा चूक माझी. मला ऐकवेना, उठून भांडी घासायला गेले. भांडी स्वच्छच होती.

एकानं शिव्या दिल्या. एकानं विचारलं, कुत्र्याचं पिल्लू हवंय का. एक म्हणाला, बरं झालं सांगितलंत, बायकोनं दिलेला वाढदिवसाचा आहे, गंजला असता तर माझ्यावर आलं असतं.

शेवटी सिल्वीबाई. न लागलेले तिघं उद्या. टाउनो सिल्वीबाईंशी चाळीस मिनिटं बोलला! निम्मा वेळ कुत्र्यांवर. ठेवल्यावर म्हणाला, "शहाणी बाई आहे." तीस वर्षांत माझ्याबद्दल कुणाला असं म्हणाला असेल का? विचारलं. तर म्हणे, "तुझ्याबद्दल विचारतं कोण?" बरा आहे म्हणजे.

१ ऑक्टोबर, गुरुवार

नवीन सळया आल्या. टाउनोनं स्वतः एकेक लावली, एकेकीला चुंबक लावून. सकाळी सहाला कारखान्यात जातो तो जेवायलाच येतो. मी डबे भरते, चिठ्ठ्या घालते. गेल्या कित्येक वर्षांत इतकं जोडीनं काम केलं नव्हतं. मधेच म्हणतो, कॉफी. मी म्हणते, हात मोडलेत का? मग कॉफी करते. फार बरं चाललंय.

३ ऑक्टोबर, शनिवार

बरं चाललंय म्हणे! लिहायचाच अवकाश.

आज जेवताना टाउनोनं बशीकडं बघत सांगितलं — ही खेप संपली की लेथ विकतोय. ईसाल्मीचा कुणी आहे, सोमवारी, बारा तारखेला, बघायला येणार. बोलून झालंय.

मी चमचा खाली ठेवला. एका चुकीसाठी? तीस वर्षांत एक?

"ज्याला पोलाद ओळखता येत नाही त्यानं लेथसमोर उभं राहू नये."

"फळीवर चुकीची सळई होती, टाउनो. कुणाचीही चूक झाली असती."

"फळीचं नाही म्हणत मी," म्हणाला. "कापताना कीस निघतो ना, तो वेगळा असतो. न गंजणाऱ्याचा लांब, चिवट, गुंता होतो. साध्याचा भुगा पडतो. एप्रिलभर भुगा झाडला मी. वाटलं, पातं नवीन आहे, म्हणून मऊ चाललंय. बरं वाटत होतं, खुबा दुखत नव्हता. लक्ष नव्हतं माझं."

भांडले. रडलेही. म्हटलं, मग काय खिडकीत बसणार? बेअरिंग ऐकत? त्यानं माझी बशी उचलून धुऊन ठेवली.

असा राग आलाय त्याचा! आणि जवळ घेऊन बसावंसंही वाटतंय. दोन्ही एकदम कसं करायचं?

४ ऑक्टोबर

अबोला. पण रात्रीची गोळी दोघांनीही एकमेकांची काढून ठेवली होती, म्हणून दोनदोन झाल्या.

७ ऑक्टोबर, बुधवार

कोर्पिलाम्पीचे बारा नवे सायलेन्सर मी स्वतः गाडीनं नेऊन दिले. मोजाही. सिल्वीबाई माझ्या खांद्याएवढ्या! फोनवर सहा फुटी वाटत होत्या. काळ्या पिठाचे भात भरलेले कानवले केले होते, वर अंडं-लोणी कुस्करलेलं. चार खाल्ले. "पाच खा, पोरी, तोंड उतरलंय तुझं."

सांगितलं सगळं. लेथ, ईसाल्मी, चूक माझी चूक माझी.

बाई बोटावरचं लोणी पुसत होत्या. म्हणाल्या, "माझा नवरा पन्नास वर्षांत एकदाच म्हणाला, चूक माझी. लगेच म्हणाला, विचारायच्या आत. तेव्हा ती चूक खरं तर आमच्या पोराची होती. तुझा कितव्या वेळेला म्हणाला?"

"पहिल्याच."

"मग जरा बघ, पाणी कुठं मुरतंय ते."

माझ्या टाउनोबद्दल असं? रागच आला. आमच्या कारखान्यात आम्ही दोघंच, तिसरं आहे कोण? तसं म्हटलंही. सिल्वीबाईंनी पाचवा कानवला पुढं सरकवला.

१० ऑक्टोबर, शनिवार

शिकार सुरू. सकाळपासून रानात कुत्री. दुपारी सिल्वीबाईंचा निरोप — "पहिला मूस पडला. बारा गेले, बारा परत आले. टाउनोला सांग." सांगितलं. मान हलवली, आणि पहिल्यांदाच या दोन आठवड्यांत सगळी भाकरी संपवली. ईसाल्मीचा माणूस सोमवारी सकाळी नऊला येतोय. टाउनो आज लेथ पुसत होता. आधीच स्वच्छ असलेली पुन्हा पुसत होता.

११ ऑक्टोबर, रविवार

हिवाळ्याची वही काढली. त्या सळया आल्या कधी, एवढंच बघायचं होतं.

"१८ फेब्रुवारी. पोलाद आलं. टाउनो औलूच्या इस्पितळात, आज ऑपरेशन. ड्रायव्हर घाईत. मीच लावलं सगळं, वरच्या फळीवर जागा होती तिथं. रंग ओला, कोटाला लागायला नको म्हणून रंगाची टोकं भिंतीकडं केली. मग निघाले औलूला." माझंच अक्षर. मला आठवतसुद्धा नाही.

वही घेऊन खाली गेले. टाउनो बटाटे सोलत होता. म्हटलं, "तो माल मी लावला होता."

"हो."

"तुला ठाऊक होतं?"

"टोकं भिंतीकडं होती," म्हणाला. "तसं मी नाही लावत."

"मग बोलला का नाहीस?"

"तू त्या दिवशी दीडशे किलोमीटर गाडी चालवत आली होतीस माझ्याकडं. बर्फातून." बटाटा पाण्यात टाकला. "तुझ्यावर येऊ द्यायचं नव्हतं मला."

मी त्याच्यासमोर बसले. त्यानं सुरी ठेवली, ओल्या हातानंच माझा हात धरला. मग मी त्याच्या देखतच ईसाल्मीला फोन लावला. म्हटलं, लेथ विकायची नाही. त्या माणसानं कारण विचारलं. खरं ते सांगितलं, पहिल्यापासून, आणि टाउनोनं मला थांबवलं नाही.